कुणाच्या जागेवर, कुणाच्या शेजारी

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाची एक कड सुटली आणि तिच्या पोटाशी वसलेली इर्शाळवाडी गाडली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं चिखलातून डोंगर चढून गेली, मोठी यंत्रं वर पोचलीच नाहीत, खराब हवेमुळे हेलिकॉप्टरचा उपयोग झाला नाही आणि माती हातांनी उपसावी लागली. चौथ्या दिवशी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. सव्वादोनशेच्या आसपास वस्ती असलेल्या ठाकर आदिवासींच्या या वाडीतलं दर तिसरं माणूस त्या रात्री गेलं. वाचलेल्या कुटुंबांची सोय चौकजवळ कंटेनरच्या घरांत झाली, पक्की घरं बांधण्याचं काम सिडकोकडे गेलं, आणि घटनेला वर्ष पूर्ण झालं तेव्हाही ही कुटुंबं कंटेनरमध्येच होती. या काळात वाडीबद्दल जे बोललं गेलं त्यात घर किती चौरस फुटांचं, वर स्लॅब आहे की पत्रा, ताबा कधी, हेच प्रश्न पुढे होते. प्रश्न गैर नाहीत. पण उखडल्या गेलेल्या माणसांच्या तब्येतीचा जगभरात जो अभ्यास झाला आहे तो पाहिला, तर आपण ते उलट्या क्रमाने विचारतो आहोत असं दिसतं. उद्या इथून कुणी उठवणार नाही ही खात्री आणि भिंतीपलीकडे ओळखीचं माणूस, या दोन गोष्टी आधी लागतात. सिमेंटचा गुण त्यानंतर येतो, आणि पुष्कळदा त्या दोन असल्या तरच येतो.

कुणी म्हणेल, निर्वासित म्हणजे युद्धातून पळालेले, सीमा ओलांडून आलेले लोक. आपल्याच तालुक्यात डोंगरावरून खाली आणलेल्या ठाकरांना ते माप का लावायचं? कायद्याच्या दृष्टीने आक्षेप रास्त आहे. १९५१ चा निर्वासितविषयक करार सीमा ओलांडणाऱ्यांपुरता आहे, आणि त्यावर भारताची सहीही नाही. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं मांडली. त्यांत आपत्तीने उठलेले आणि मोठ्या प्रकल्पांनी उठवलेले असे दोघेही येतात. आरोग्याच्या बाबतीत मात्र हा फरक फारसा टिकत नाही. २००५ मध्ये पोर्टर आणि हॅस्लम या संशोधकांनी निर्वासितांच्या मानसिक आरोग्यावरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासले. एकूण ६७ हजारांवर माणसांची माहिती त्यात होती. छावणीवजा सामूहिक निवाऱ्यात राहणाऱ्यांची आणि कमाईच्या वाटा बंद झालेल्यांची प्रकृती इतरांपेक्षा वाईट आढळली, ती तर अपेक्षाच होती. पण आपल्याच देशात विस्थापित झालेल्यांची अवस्थाही सीमा ओलांडून गेलेल्यांपेक्षा वाईट निघाली. झोप उडायला पासपोर्टवर शिक्का लागत नाही.

कर्जत-खालापुरात उखडलं जाण्याचे दोन प्रकार शेजारी-शेजारी नांदतात. एक एका रात्रीत घडतो आणि त्यासाठी मंत्री डोंगर चढतात. दुसरा कातकरी आदिवासींच्या वाट्याला दर वर्षी दिवाळीच्या आसपास येतो आणि त्याची बातमी होत नाही. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा कातकऱ्यांचा मूळ धंदा; जंगलांवर सरकारी ताबा आल्यावर तो संपला. इंग्रजांनी तर ही जमात गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकली होती. आज भाताची कापणी उरकली की उचल घेतलेली कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. परततात ती वाडी अनेकदा दुसऱ्याच्या जमिनीवर असते. हाताशी मजूर असावा म्हणून दोन-तीन पिढ्यांपूर्वी मालकानेच त्यांना तिथे बसवलेलं असतं. जमिनीला किंमत नव्हती तोवर यात कुणाला अडचण नव्हती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, फार्महाऊस आले, एनए प्लॉटच्या पाट्या लागल्या, आणि जमीन विकायला काढलेल्या मालकाला वाडी खुपू लागली. काही ठिकाणी तारेचं कुंपण थेट झोपड्यांच्या कडेने फिरलं. कर्जत तालुक्यातल्या कशेळे इथल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने हा प्रश्न वाड्या-वाड्यांतून लोकांसोबत नोंदवला. राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांचं २०१३ मधलं ‘फायटिंग इव्हिक्शन’ हे पुस्तक त्याच कामावर आहे. डोंगरावरचं ठाकरांचं गाव आणि पायथ्याची कातकरवाडी यांत इतर बाबतींत पुष्कळ अंतर आहे, पण ‘इथे आपण किती दिवस?’ हा प्रश्न आता दोघांच्याही पुढ्यात आहे.

हा प्रश्न शरीरात शिरतो कसा, याचा सगळ्यात साधा रस्ता जमिनीवरून जातो. पायाखालच्या, घरातल्या जमिनीवरून. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २००० पासून गरिबांच्या घरातली मातीची जमीन मोफत सिमेंटची करून देण्याची योजना राबवली गेली. तिथल्या एका शहराला लागूनच, पण शेजारच्या राज्यात असलेल्या जोडशहरात तेव्हा तशी योजना नव्हती, त्यामुळे तुलना करणं सोपं होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की मातीची जमीन पूर्ण जाऊन सिमेंट आलं तर लहान मुलांतलं जंतांचं प्रमाण ७८ टक्के, जुलाबांचं ४९ टक्के आणि रक्तक्षयाचं ८१ टक्के घटतं. मुलांच्या बौद्धिक चाचण्यांतले गुण वाढले, आणि त्यांच्या आयांमधलं नैराश्य कमी झालं. शेणाने सारवलेली जमीन स्वच्छच असते, असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. रोज निगुतीने सारवलेल्या, उन्हाळ्यातल्या कोरड्या घरापुरतं ते मान्य करू. कुडाच्या भिंती पावसात ओल धरतात, जमिनीला पाझर फुटतो आणि त्याच जमिनीवर मूल रांगत असतं, तेव्हा सारवण पुरत नाही.

मग कातकरी घरात कोबा का करून घेत नाही? पैसे नाहीत, हे उत्तर अर्धं आहे. भट्टीच्या हिशेबातून उरलेले चार पैसे मोबाईलवर, लग्नावर, कधी दारूवर गेलेले बाहेरच्या माणसाला दिसतात आणि तो मनाशी निकाल लावून मोकळा होतो. पण ज्या जागेभोवती पुढच्या वर्षी तार फिरू शकते तिथे सिमेंट ओतणं हा शहाणपणा कुणी करावा? विटा आयुष्यभर थापून स्वतःच्या घराला कुडाच्या भिंती ठेवणाऱ्या माणसाच्या वागण्यात आळस शोधणाऱ्यांनी जमिनीचा सातबारा आधी पाहावा. सरकारी घरकुलही इथेच अडतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमातींना घरासाठी प्रत्येकी दोन लाख रुपये मिळतात, पण ते घर बांधण्यासाठी. घर ज्या जागेवर उभं राहायचं ती दुसऱ्याच्या नावावर असली, की फाईल थांबते. जंतांच्या गोळ्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा वाटल्या जातात आणि मूल पुन्हा त्याच ओल्या मातीवर जाऊन बसतं. जंत हा आरोग्यखात्याचा विषय मानला जातो आणि गावठाण महसूलखात्याचा, त्यामुळे एकाच साखळीच्या या दोन कड्या कुठल्याच बैठकीत एकत्र येत नाहीत.

यावर अर्थशास्त्रज्ञ एक चांगला आक्षेप घेतो. ज्यांच्याकडे जमिनीचा पट्टा आहे ते मुळातच जास्त खटपटे, जास्त कमावते असणार; त्यांची मुलं धडधाकट असली तर श्रेय पट्ट्याला कसं द्यायचं? याला उत्तर देणारी एक घटना अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्सच्या सीमेवर घडली. १९८१ मध्ये भूमिहीन कुटुंबांनी एका पडीक माळावर वस्ती केली. तो माळ अनेक खासगी मालकांचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. १९८४ मध्ये सरकारने जमीन संपादित केली. काही मालकांनी भरपाई घेतली, त्यांच्या तुकड्यांवरच्या कुटुंबांना पट्टे मिळाले. काही मालक कोर्टात गेले आणि त्यांच्या तुकड्यांवरची कुटुंबं वर्षानुवर्षं लटकत राहिली. म्हणजे एकाच वस्तीत, एकाच दिवशी आलेली, सारखीच गरीब माणसं. कुणाच्या पायाखाली कुठला मालक निघाला एवढाच नशिबाचा फरक. गॅलियानी आणि शार्ग्रोड्स्की यांनी पुढे या दोन गटांची तुलना केली. पट्टेवाल्यांची घरं चांगली झाली होती, मुलं जास्त शिकली होती, लहान मुलांचं उंचीच्या मानाने वजन बरं होतं आणि किशोरवयीन मुलींतली गर्भारपणं कमी होती. पट्ट्यामुळे कर्ज मात्र फारसं वाढलं नाही, कमाईही नाही. फरक पडला तो खात्रीमुळे. खालापुरातल्या वाडीत हाच प्रयोग मालकांच्या मर्जीने रोज चालू आहे, फक्त त्याची मोजदाद करायला कुणी आलेलं नाही.

आता कंटेनरकडे येऊ. त्यावरची टीका बहुधा उकाड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. उकाडा खराच आहे; कर्जत-भिवपुरीचा पारा मार्च-एप्रिलात चाळिशी ओलांडतो, दिवसभर तापलेली लोखंडी पेटी रात्रीही लवकर निवत नाही, आणि झोपेचं खोबरं झालेल्या माणसाचा रक्तदाब, साखर, चिडचिड सगळंच चढतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यांवर ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या त्यांत दाटीवाटी आणि घरातलं तापमान यांना स्वतंत्र स्थान आहे. तरीही कंटेनरमध्ये पंखा, पाणी, वीज होती. डोंगरावरच्या घराच्या तुलनेत काही सोयी जास्तच होत्या. खरा अपाय वाट पाहण्याचा असतो, आणि तो पंख्याने निवत नाही. नेदरलँड्समध्ये आश्रय मागणाऱ्या इराकी लोकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ज करून सहा महिने झाले नव्हते अशांपैकी ४२ टक्के जणांत मानसिक विकार आढळले; ज्यांना निकालाची वाट पाहत दोन वर्षांहून जास्त काळ गेला होता त्यांच्यात हे प्रमाण ६६ टक्क्यांवर होतं. आपत्तीचा धक्काच एवढा मोठा असतो की घराचा त्यात काय वाटा, असं विचारणाऱ्यांना हा अभ्यास पुरेसं उत्तर देतो, कारण त्यात इराकमध्ये सोसलेल्या वाईट घटनांपेक्षा लांबलेली प्रतीक्षा अधिक ठळकपणे आजाराशी जोडलेली निघाली. धक्का बसून जातो. वाट पाहणं मात्र रोज सकाळी नव्याने सुरू होतं, आणि त्या काळात माणूस कुठलाही निर्णय पक्का करत नाही: मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, शेळी घ्यायची की नाही, लग्न यंदा करायचं की घर मिळाल्यावर. म्हणून तात्पुरत्या निवाऱ्याची तारीख सांगणं आणि पाळणं हाही आरोग्याचाच कार्यक्रम आहे, असं माझं मत आहे. समुपदेशकाच्या भेटीइतकाच, कदाचित जास्त.

शेजाराबद्दल इर्शाळवाडीच्या पुनर्वसनाला श्रेय द्यायला हवं. सगळी कुटुंबं एकाच जागी ठेवली, पक्की घरंही एकाच वसाहतीत आखली. हे आपोआप घडत नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक खोऱ्यात २६ फेब्रुवारी १९७२ ला कोळसाखाणीच्या गाळाचा बांध फुटला, १२५ माणसं गेली, हजारो बेघर झाली. सरकारने तत्परतेने फिरती घरं आणून उभी केली आणि जो आधी येईल त्याला आधी घर, या न्यायाने वाटली. जन्माचे शेजारी दहा ठिकाणी विखुरले. समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन यांनी १९७६ च्या पुस्तकात दाखवलं की पुराची भीती ओसरल्यावरही जो आजार मागे राहिला, तो त्या विस्कटलेल्या शेजाराचा होता. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमा शहरात याची आणखी नेमकी पारख झाली, कारण तिथल्या ज्येष्ठांची पाहणी आपत्तीच्या सात महिने आधीच योगायोगाने होऊन गेली होती. जी माणसं वस्तीसकट एकत्र हलली त्यांचा लोकांत मिसळण्याचा परिघ टिकला, उलट वाढला. जी सोडतीने किंवा एकेकटी गेली त्यांचा आक्रसला. सोडत हा आपल्याला वाटपाचा सगळ्यात निष्पक्ष मार्ग वाटतो. भ्रष्टाचार टाळायला तो बरा; पण विस्थापितांच्या घरांसाठी तो शेजार मोडतो.

मात्र शेजार जपला तरी वावर तुटू शकतो. डोंगरावरच्या ठाकराचं घर चार भिंतींत मावत नाही. नाचणी-वरीची दळी म्हणजे उतारावरची शेती, पावसाळ्यात शेवळं, कुरडू, भारंगी, ओहोळातले खेकडे, उन्हाळ्यात करवंदं; हे त्याचं जेवण, आणि बायका टोपलीत घालून बाजारात नेतात ती रोकडही. वसाहत महामार्गाजवळ आली की दवाखाना, शाळा, रेशन जवळ येतं, आणि ते लहान सुख नाही. इर्शाळवाडीत आजाऱ्याला झोळीतून खाली आणावं लागे. त्याच वेळी रानभाजी लांब जाते आणि पाच रुपयांचा चिप्सचा पुडा हाताशी येतो. दळीवर जायला रोजचा चढ परवडत नाही, म्हणून पुरुष हॉटेलात, गोदामात, फार्महाऊसवर नोकरी धरतात. ती धरू नये असं नाही. पण वसाहतीची जागा ठरवताना दळीवरचा हक्क शाबूत राहील का, पायवाट खुली राहील का, हे विचारलं गेलं नाही, तर ताटातली घट दहा वर्षांनी रक्ताच्या तपासणीत दिसेल आणि तेव्हा तिला जीवनशैलीचा आजार म्हटलं जाईल.

सगळ्यात कठीण आक्षेप याच्या अगदी उलट दिशेने येतो. घराची ओढ एवढी हितकारक असेल, तर त्याच ओढीने लोक धोक्याच्या उतारावर बसून राहिले आणि मेले, त्याचं काय? माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. महाडचं तळिये २२ जुलै २०२१ ला गेलं. दरडीखालच्या वाड्या सक्तीने हलवाव्यात, भावना नंतर बघू, असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, आणि जिथे कडा खरोखर सुटायला आला आहे तिथे माझंही मत हलवण्याच्याच बाजूने आहे. पण इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हतीच, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. तेव्हा त्या रात्रीचा दोष लोकांच्या ओढीवर टाकता येत नाही. शिवाय लोक उतार सोडत नाहीत त्यामागे ओढीइतकंच गणित असतं. खाली गेलं तर कुणाच्या जागेवर? दळी कोण राखेल? पावसाळ्यापुरते शाळेच्या खोलीत कोंबून ऑक्टोबरात परत वर पाठवणार असाल तर कशाला यायचं? मोरबे धरण खालापूर तालुक्यातच आहे. नवी मुंबई त्याचं पाणी पिते, आणि त्यात जमिनी गेलेल्यांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. आसपासच्या वाड्यांना हे दिसत असतं. हलण्याविषयीचा अविश्वास अनुभवातून आला आहे. खात्री आधी दिली तर माणूस उतार सोडायला तयार होतो. नुसतं पक्कं बांधकामही ती खात्री देत नाही, हे माळीणने दाखवलं. आमडे इथे वसवलेल्या नव्या गावाचं लोकार्पण एप्रिल २०१७ मध्ये झालं आणि त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात भराव खचला, भेगा पडल्या. एकदा डोंगर अंगावर आलेल्या माणसाला ती भेग पाहून काय होत असेल, हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ नको.

साध्या बांधकामातही घरपण उभं राहू शकतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया, मुलं आणि वृद्ध, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. बराकी साध्या होत्या. पण कुटुंबागणिक वेगळी राहण्याची जागा होती, बायका आपापल्या चुलीवर आपलं अन्न शिजवत, शाळा पोलिश भाषेत चाले, चर्च होतं, नाटकं होत, छावणीचा कारभार बराचसा त्यांच्याच हातात होता. पोलिश लोक गेल्यावर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि त्या वसाहतीतून आजचं गांधीनगर, कापडाची मोठी पेठ, उभं राहिलं. पहिल्यांना तिथे कायम राहायचं नव्हतं, दुसऱ्यांना राहायचं होतं. पण आपल्या जगण्याचा लगाम आपल्या हातात, हे दोघांनाही मिळालं. सामूहिक भोजन आणि ठेकेदाराचा डबा यांनी पोट भरतं, आणि पहिल्या आठवड्यात तेच हवं असतं. महिनोन्‌महिने तेच चाललं, तर बाईच्या हातातून घर सुटतं.

राहतो तो पैशाचा आणि जागेचा प्रश्न. प्रत्येक वाडीला जमीन कुठून आणणार, असं तहसील कार्यालयात ऐकू येतं. कातकरवाड्यांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी नवी जमीन आणायचीच नाही. जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्या काही गुंठ्यांची नोंद करायची आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाण ठरवण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. १९४८ च्या कूळकायद्यात मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाला आणि शेतमजुराला घराखालच्या जागेपुरतं संरक्षण आहे. पट्टा हातात आला की आदिवासी तो फार्महाऊसवाल्याला विकून टाकेल, ही भीती त्यांच्या भल्यासाठीच बोलून दाखवली जाते, पण आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय जात नाही. जागा विकत घेण्यासाठी सरकारी अर्थसाहाय्याची योजना आहे, पण कर्जत-खालापुरातल्या आजच्या भावापुढे ती तोकडी पडते. इथे नोंद हाच स्वस्त मार्ग आहे. ती झाली की जनमनचे दोन लाख अडत नाहीत, कोबा होतो, घराला नंबर मिळतो. त्या नंबरावर मूल अंगणवाडीच्या वजनाच्या वहीत राहतं, आणि भट्टीवरून मे महिन्यात परतलेल्या आईला आशाताई पुन्हा त्याच दारात शोधू शकते.